बंद दाराची चाचणी

त्याला सगळे पारा म्हणत. नाव पडलं ते कामामुळे. स्वभावाचा पारा चढलेला कुणी पाहिला नव्हता. बायकोचं म्हणणं असं, की चढायला आधी तो अंगात असावा लागतो.

नवं घर बांधून झालं, रंग झाला, नळाला पाणी आलं, की सगळ्यात शेवटी पाराला बोलावणं जायचं. हिवाळ्यात घर गरम करणारं आणि उन्हाळ्यात गार करणारं मशीन, त्याचे छतातून फिरणारे पत्र्याचे डक्ट आणि खोल्याखोल्यांत उघडणाऱ्या जाळ्या, हे सगळं तपासून घर पास करायचं किंवा नापास, हा त्याचा धंदा. सकाळी मशीन गरमवर टाकायचं, दुपारी गारवर. वर्षाचे दोन ऋतू तो एका दिवसात उरकायचा आणि संध्याकाळी बाहेर खरा कुठला ऋतू चालू आहे हे विसरून बिनस्वेटरचा घरी जायचा.

काम तो मन लावून करी, ह्यात वाद नाही. प्रत्येक जाळीवर उलट्या छत्रीसारखा कापडी टोप धरायचा. त्याला लावलेला काटा किती वारा येतोय ते दाखवी. मग धुराची नळी पेटवून डक्टच्या सांध्यांजवळून फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकडा झाला की समजायचं, इथे गळतंय. हे चालू असताना डक्ट बसवणारा मिस्त्री मागे तोंड वाकडं करून उभा असायचा.

"अरे पारा, घर आहे ते, गुन्हेगार नाही. किती उलटतपासणी घेशील?"

"तू बसवलंयस ना? मग थोडा गुन्हेगार असणारच."

पाराने पाहिलेली घरं सगळी रिकामी. खिडक्यांच्या काचांवर स्टिकर, दारांच्या कड्यांवर प्लास्टिक, बोललं की घुमणाऱ्या खोल्या. दारांचा रंग बहुतेक ओला असे. तो चौकटीला चिकटू नये म्हणून रंगारी दाराखाली फरशीचा तुकडा अडकवून दारं सताड उघडी ठेवत. अशा घरात मशीन सुरू केलं की हवा इकडून तिकडे निवांत फिरायची, आणि पारा मधोमध उभा राहून समाधानाने मान हलवायचा. माणसं राहायला आली की घर बिघडतं, असं त्याचं एक लाडकं मत होतं. ते तो गमतीने सांगायचा, पण गमतीपुरतंच होतं असं नाही.

दादाने, म्हणजे त्याच्या मोठ्या भावाने, नवं घर घेतलं ते पाराने पास केलेल्या रांगेतलंच. तेही पाराच्या सांगण्यावरून. त्याआधी वडील, म्हणजे अण्णा, बरीच वर्षं पाराकडे होते. पाराचं घर दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं, भिंतींना ओल धरणारं. अण्णांची कॉट बाहेरच्या खोलीत, आणि त्या खोलीतूनच घराचा सगळा राबता. अण्णांना औषधं देणं, खोकल्याची उबळ आली की पाठ चोळणं, रेडिओचा आवाज कमी करा म्हणून रोज नव्याने विनवणं, हे सगळं पाराच्या बायकोने केलं. पारा 'अण्णा, कसं वाटतंय?' एवढं विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत बूट घालून जिना उतरलेला असायचा.

त्यामुळे दादाच्या घरात अण्णांसाठी स्वतंत्र खोली आहे हे ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त हुरूप पारालाच आला.

"अण्णा, खोली म्हणजे काय खोली आहे! बाहेर बर्फ पडो, आत तुम्हाला गंजिफ्रॉकवर बसता येईल. मी स्वतः तपासलीय."

"तू तपासलीयस म्हणजे झालंच," अण्णा म्हणाले. ते जन्मभर बस चालवलेले गृहस्थ. त्यांच्या जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून असे, त्यामुळे आपला एक पाय आयुष्यात कधी गार पडला नाही, दुसऱ्याचं काही सांगता येत नाही, असं ते सांगत. जाताना त्यांनी आपली कॉट, रेडिओ आणि मलमाची बाटली घेतली. पाराच्या बायकोने बाहेरची खोली धुतली, खिडक्या उघडल्या, आणि बराच वेळ रिकाम्या जागेकडे बघत बसली. रडली की हसली ते पाराने विचारलं नाही.

थंडी सुरू झाली तसे अण्णांचे फोन यायला लागले.

"गार आहे रे खोली."

"अण्णा, गार कशी असेल? बावीसवर लावलंय मी."

"बावीस असेल. पण गार आहे."

पारा जाऊन यायचा. तो आला की वहिनी अण्णांच्या खोलीत खुर्ची टाकायची, चहा आणायची, दादा येऊन दाराला टेकायचा, पुतणी डोकावून जायची. पारा खिशातून मोजायचं यंत्र काढून कॉटच्या उशाशी धरायचा. बावीस. कधी साडेबावीस.

"हे बघा अण्णा. तुम्हीच वाचा."

अण्णा चष्मा लावून वाचायचे. "तू आलास की गरम होतं," ते म्हणायचे.

ह्यावर सगळे हसत. वहिनी म्हणे, "बघा भावजी, माया कशी असते. आम्ही इथे चोवीस तास, आणि ऊब तुमच्याकडून येते." दादा बाहेर सोडायला आला की आवाज उतरवून सांगायचा, "वय झालंय. डॉक्टरही म्हणाले, ह्या वयात थंडी अंगातूनच वाजते." पारालाही ते पटायचं. आकड्याशी भांडायचं त्याला ठाऊकच नव्हतं. वडिलांशी भांडायची मात्र सवय होती.

मग अण्णांची छाती भरली. दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघा भावांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, की ह्या थंडीत पुन्हा गारठा लागला तर मी हमी देणार नाही. दादाने लोकरी पायमोजे आणले, वहिनीने जादा रजई दिली, आणि पाराने पुन्हा एकदा यंत्र धरून दाखवलं. बावीस. अण्णांनी ह्या वेळी चष्मा लावला नाही.

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं कामावरच. पारा एका नव्या घरात मागच्या खोलीच्या जाळीवर टोप धरून उभा होता. काटा छान वर. एवढ्यात मिस्त्री अवजारांची पेटी घेऊन आला, त्याच्या पायाने दाराखालचा फरशीचा तुकडा सरकला आणि दार धाडकन लागलं. काटा खाली बसला. एकदम, मान टाकल्यासारखा.

"दार उघड," पारा म्हणाला. मिस्त्रीने उघडलं. काटा वर.

"लाव."

काटा खाली.

"काय खेळ चाललाय?" मिस्त्री म्हणाला. "एकदा उघड म्हण नाहीतर लाव म्हण."

पाराने पॅसेजमध्ये डोकावून पाहिलं. खोलीत हवा आत सोडणारी जाळी होती, पण हवा परत मशीनकडे नेणारी जाळी एकच, बाहेरच्या पॅसेजमध्ये. दार उघडं असलं की हवा आत यायची, दारातून बाहेर जायची, तिच्या जागी नवी यायची. दार लागलं की आतली बाहेर जाईना, मग नवी येणार कुठून? दारं चांगल्या प्रतीची होती, धूळ येऊ नये म्हणून खालून रबराची पट्टी लावलेली. ह्या पट्टीचं पाराने मागे कौतुकही केलं होतं. इतकी घरं त्याने तपासली, आणि दारं उघडी होती म्हणून उघडीच ठेवून तपासली. लोक दारं लावतात ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. दुसऱ्यांच्या डक्टमधली सुईएवढी गळती शोधणाऱ्याच्या दिव्याखाली हा एवढा अंधार.

आपण चुकलो हे कळायला त्याला एक क्षण लागला. दुसरी गोष्ट कळायला बसमध्ये बसेपर्यंत वेळ लागला, आणि ती कळली तेव्हा त्याला उतरावंसं वाटलं. दादाच्या घरचं मशीन ठणठणीत होतं. म्हणजे अण्णांची खोली गार पडत असेल, तर ती एकाच कारणाने.

तो दुपारी न सांगता गेला. वहिनीने दार उघडलं, हाताला पीठ.

"अगंबाई, भावजी! आज कामाला सुट्टी?"

"इकडेच होतो. वहिनी, अण्णांच्या खोलीचं दार उघडं असतं ना?"

"उघडंच असतं की," वहिनी म्हणाली, आणि मग दोघांनीही पॅसेजच्या टोकाला पाहिलं. दार बंद होतं. वहिनीने हाताचं पीठ झटकलं. "आत्ता रेडिओ चालू होता, म्हणून. पोरगी अभ्यासाला बसलीय."

पारा आत गेला. अण्णा रजईत, रेडिओ उशाशी, हलक्या आवाजात. खोली अगदी गार नव्हती, कोमट होती. त्याने दार लावून घेतलं.

"अरे, आज फोन केला नव्हता मी," अण्णा म्हणाले.

"असाच आलो. बसतो थोडा वेळ."

"बस. चहा आला नाही अजून?"

"नको. चहा आला की दार उघडेल."

त्याने यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि खुर्ची कॉटला लावली. आता करायचं काही नव्हतं. दार बंद ठेवून खोली किती उतरते ते बघत बसायचं, एवढंच. बापलेक एका खोलीत इतका वेळ निमूट बसण्याचा प्रसंग कित्येक वर्षांत आला नसेल. बाहेर घर चालू होतं. कुकरची शिट्टी, पुतणीचं फोनवरचं खिदळणं, वहिनीने कुणाच्या तरी फोनला दिलेली उत्तरं. सगळं ऐकू येत होतं, पण पाण्याखालून ऐकावं तसं. शब्द एकही कळत नव्हता. मध्ये एकदा कुणीतरी दारापर्यंत आलं, थांबलं आणि परत गेलं. अण्णांनी मान वळवली नाही. त्यांना पावलं ओळखू येत असावीत, किंवा आता ते ओळखायच्या भानगडीत पडत नसावेत.

आकडा उतरत गेला. हळू, पण इमानदारीने. बाहेरच्या भिंतीकडून गारठा आधी पाराच्या घोट्यांना लागला, मग गुडघ्यांना. त्याने नकळत रजईचं टोक पायावर ओढलं.

"बघ," अण्णा म्हणाले. जिंकल्याचा सूर नव्हता.

"अण्णा, दार कधीपासून लावतात?"

"लावतात असं नाही. लागतं." ते खोकले, थांबले. "आधी रेडिओला लागायचं. मग खोकल्याला. पोरीच्या मैत्रिणी आल्या की लागायचं. आता कशाला लागतं ते मी बघत नाही. तुझी वहिनी वाईट नाही हं. रात्री उठते, पाणी देते. जाताना ओढून घेते, एवढंच."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. गार आहे म्हणून सांगितलं."

पाराने त्यांना हवेचं गणित समजावून सांगितलं. आत येणारी जाळी, बाहेर जायला वाट नाही, वगैरे. अण्णांनी नीट ऐकलं.

"म्हणजे आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या," ते म्हणाले. "जन्मभर ओरडत होतो रे मी हे. मागचं दार अडलं की पुढून एक माणूस चढत नाही."

संध्याकाळी दादा आल्यावर जेवणाच्या टेबलाशी विषय निघाला. पाराने यंत्र मध्ये ठेवलं. दुपारचं उतरलेलं तापमान अजून त्यातच असल्यासारखं तिघेही त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे आम्ही त्यांना कोंडून ठेवतो, असं म्हणायचंय तुला?" दादा म्हणाला.

"मी हवेबद्दल बोलतोय."

"वा! घर पास कुणी केलं? तूच. गंजिफ्रॉकवर बसाल म्हणून कुणी सांगितलं? तूच. आणि आता हवा आमच्यावर सोडतोस."

"चूक माझीच आहे दादा. मी दार लावून बघितलं नाही. पण दार उघडं ठेवलं तर..."

"तर काय?" वहिनी म्हणाली. "भावजी, तो खोकला दिवसभर ऐकून बघा. रेडिओ ऐका. पोरगी नापास झाली तर तिला कोण पास करणार, तुम्ही? मी त्यांचं अंथरूण बदलते, रात्री उठते, कपडे धुते. मला एक दार लावायचा हक्क नाही?" तिचा आवाज चढला नव्हता. फाटला होता. "एवढं सोसत नसेल तर न्या परत. तुमच्याकडे दार नाहीच, म्हणजे लागायचा प्रश्न नाही."

ह्याला उत्तर 'नेतो' असं एका शब्दाचं होतं. दादा थांबला, वहिनी थांबली, आणि बहुतेक पॅसेजच्या टोकाला आणखी कुणीतरी कान देऊन थांबलं असेल. पारा यंत्राचं बटण दाबत राहिला.

"काहीतरी करतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालत राहिली.

"मग आणतोयस?" तिने विचारलं.

"तू काय म्हणतेस?"

"मी नाही म्हणणार नाही, हे तुला माहितीय. आणि हो म्हटलं तर उठायला कोण उठणार, हेही तुला माहितीय. माझ्या तोंडून काय काढून घ्यायचंय तुला?"

"तसं नाही गं. आपल्याकडे ओल आहे. त्यांच्या छातीला..."

"ओल आहे," ती म्हणाली. "खरंच आहे ओल." आणि तिने घड्यांचा ढीग उचलून कपाटात ठेवला. पाराला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटल्याची त्याला लाजही वाटली, पण दोहोंत आधी आलं ते सुटणं.

आणि इलाज तर होता. पुस्तकातला, सोपा, कुणालाही न दुखावणारा इलाज. दाराच्या खालच्या अंगाला चौकोन कापून त्यात लाकडी पट्ट्यांची जाळी बसवायची. हवा त्यातून बाहेर जाईल आणि नवी गरम हवा आत येत राहील, मग दार उघडं असो की बंद. हे सुचल्यावर पाराला हुरूप आला, अण्णांना खोलीचं वर्णन करून सांगितलं होतं तेव्हाइतकाच.

रविवारी तो सुताराला घेऊन गेला. दादाने दाराच्या किमतीवरून एक टोमणा मारला आणि पेपर वाचायला बसला. वहिनीने फक्त एवढंच विचारलं, "ह्यातून आवाज येईल का बाहेर?"

"थोडा येईल."

"खोकल्याचा?"

"पट्ट्या तिरक्या लावतोय. दबेल तो."

ती बरं म्हणाली. मग अण्णांना पुढच्या खोलीत आणून बसवलं. ते नवीन पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेवर बसले, मांडीवर हात ठेवून, आणि वहिनीने दिलेला चहा त्यांनी 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणत घेतला. आत करवत चालली होती. पुतणी येऊन आजोबांशेजारी बसली, त्यांनी तिला परीक्षा कधी विचारलं, तिने सांगितलं, आणि दोघांचं बोलणं संपलं.

जाळी बसली. भुसा झाडला. अण्णांना परत कॉटवर नेलं. पाराने दार लावून घेतलं आणि पुन्हा एकदा खुर्ची ओढून आत बसला. ह्या वेळी आकडा हलला नाही. टोप धरला तर काटा ताठ. पारा बराच वेळ थांबला, इतका की थांबायला कारण उरलं नाही. बावीस. आयुष्यात त्याने इतकी नेटकी दुरुस्ती केली नव्हती.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं. आता गार पडणार नाही."

"दार बंद असलं तरी?"

"बंद असलं तरी."

अण्णांनी दाराकडे पाहिलं. नव्या लाकडाचा पिवळा चौकोन पांढऱ्या रंगात उठून दिसत होता.

"म्हणजे आता उघडायलाच नको," ते म्हणाले. "चांगलं झालं. तिचीही सोय झाली, तुझीही झाली."

"अण्णा, तसं नाही."

"अरे, गरम आहे की. मी कुठे काय म्हणतोय?" त्यांनी रजई गळ्यापर्यंत ओढली, गरज नव्हती तरी. "जाताना ओढून घे."

पारा बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं. कडी हलकेच लागली. चांगल्या प्रतीचं दार. तो तिथेच वाकला, आणि जाळीसमोर तळहात धरला. आतून ऊबदार हवा येत होती, एकसारखी, तिला मलमाचा वास होता. स्वयंपाकघरातून वहिनीने विचारलं, "भावजी, झालं का?" त्याने होकार दिला, पण हात काढला नाही.

कॉट बुटकी होती. तिरक्या पट्ट्यांमधून तिथून नेमकी पॅसेजची फरशी दिसत असणार, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"पाय दिसतायत तुझे," आतून अण्णा म्हणाले. "जा आता. बस चुकेल."

पाराने पाय मागे घेतले.